पडदा, परवाना आणि मतपेटी : समकालीन अमेरिकेच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा मोठा भाग राष्ट्राध्यक्षांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती, परराष्ट्र धोरणाभोवती आणि व्हिसा किंवा आयातशुल्क यांसारख्या भारताशी थेट निगडित प्रश्नांभोवती फिरतो. त्या देशातील चित्रपट, दूरचित्रवाणी, संगीत आणि खेळ यांविषयीचा मजकूर मात्र रविवारच्या पुरवणीत, करमणुकीच्या पानावर येतो. ही विभागणी सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. कारण ज्या देशात एक चित्रपट अभिनेता आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होता आणि दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धा-कार्यक्रमाचा सूत्रधार दोनदा त्या पदावर निवडून आला, त्या देशाचे राजकारण आणि त्याची लोकप्रिय संस्कृती वेगवेगळ्या पानांवर वाचली तर दोन्ही अर्धवटच कळतात. लोकप्रिय संस्कृती म्हणजे येथे परंपरेने चालत आलेली लोकसंस्कृती अभिप्रेत नाही. बहुसंख्यांपर्यंत पोचावी आणि विकली जावी या हेतूने, भांडवल गुंतवून, उद्योग म्हणून जी निर्माण होते ती संस्कृती अभिप्रेत आहे.

या दोहोंच्या संबंधाविषयी एक स्पष्टीकरण पुष्कळ वर्षे प्रचलित आहे. दूरचित्रवाणीने माणसाची विचार करण्याची सवय मोडली, गंभीर विषयही करमणुकीच्या साच्यात बसवणे भाग पडले आणि म्हणून राजकारणाचा तमाशा झाला, असे ते स्पष्टीकरण असून नील पोस्टमन यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने त्याला सर्वांत प्रभावी रूप दिले. पोस्टमन यांचे निरीक्षण तीक्ष्ण आहे आणि ते आजही वाचले पाहिजे. परंतु त्यात माध्यमाचा स्वभाव हेच कारण मानले गेल्यामुळे ज्या माणसांनी, ज्या कायद्यांनी आणि ज्या हिशेबांनी ते माध्यम घडवले, ती दृष्टीआड होतात. दूरचित्रवाणी ब्रिटनमध्ये आली, जपानमध्ये आली, भारतातही आली. तिचा स्वभाव सर्वत्र एकच असता तर या सर्व देशांचे राजकारण एकाच वळणाने गेले असते, आणि तसे झालेले नाही. अमेरिकेत जे घडले ते प्रेक्षकांची अभिरुची खालावल्यामुळे घडले, या समजुतीला पुरेसा आधार नाही. ते नियमांमुळे घडले, आणि ते नियम कोणी, केव्हा व कोणाच्या सोयीसाठी केले हे बहुतेक ठिकाणी तारखेनिशी दाखवता येते, ही या विवेचनाची मुख्य भूमिका आहे.

पहिला नियम रेडिओलहरींच्या मालकीचा. १९२७ चा रेडिओ कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९३४ चा दळणवळण कायदा यांनी असे ठरवले की, आकाशातील लहरी कोणाच्याही खासगी मालकीच्या नाहीत. त्या वापरण्याचा परवाना ठरावीक मुदतीसाठी मिळेल आणि परवानाधारकाने सार्वजनिक हिताला धरून प्रक्षेपण केले पाहिजे. हे परवाने देण्यासाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे संघराज्याचा दळणवळण आयोग, स्थापन झाला. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी श्रोत्यांकडून परवाना शुल्क घेतले गेले, भारतात आकाशवाणी सरकारच्या ताब्यात राहिली; अमेरिकेने मात्र प्रक्षेपण खासगी कंपन्यांकडे आणि त्याचा खर्च जाहिरातदारांकडे सोपवला. लहरी जनतेच्या, केंद्र खासगी आणि पैसा साबण व सिगारेट विकणाऱ्यांचा, अशी ही रचना होती, आणि पुढील सगळा इतिहास तिच्या पोटातून निघालेला आहे. छापील वृत्तपत्रांना १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिलेले असल्यामुळे त्यांना परवान्याची गरज नव्हती. चित्रपटाला ते संरक्षण मिळण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या १९५२ च्या निकालापर्यंत थांबावे लागले, कारण १९१५ साली त्याच न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा असल्याचे म्हटले होते. प्रक्षेपणाचे स्थान या दोहोंपेक्षा वेगळे राहिले: बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, परंतु बोलण्याचे यंत्र सरकारी परवान्यावर चालते.

या रचनेत उमेदवाराने मतदारापर्यंत पोचायचे तर त्याला वेळ विकत घ्यावा लागणार हे उघड होते, आणि वेळ विकत घ्यायचा तर तो कसा वापरावा हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडेच जावे लागणार हेही तितकेच उघड होते. १९५२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यासाठी रॉसर रीव्ह्ज या जाहिरातव्यावसायिकाने छोट्या जाहिरातींची जी मालिका केली, ती या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. पडद्यावर एखादा सामान्य नागरिक महागाईबद्दल किंवा कोरियातील युद्धाबद्दल प्रश्न विचारतो आणि जनरल त्याला उत्तर देतात, असे तिचे स्वरूप होते. प्रत्यक्षात आयझेनहॉवर यांनी न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत एकाच दिवशी सुमारे ४० उत्तरे चित्रित करून दिली. त्या वेळी समोर प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. प्रश्नकर्ते नंतर शोधले गेले, रेडिओ सिटी म्युझिक हॉल पाहायला आलेल्या पर्यटकांमधून साध्या चेहऱ्याची माणसे निवडली गेली, त्यांच्या तोंडी प्रश्न घालून ते चित्रित केले गेले आणि मग दोन्ही तुकडे जोडले गेले. उत्तर आधी तयार आणि प्रश्न त्याला जुळवून घेतलेला, ही पद्धत तेव्हापासून अमेरिकी प्रचाराच्या अंगवळणी पडली. तरीही आयझेनहॉवर या जाहिरातींमुळेच निवडून आले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धातील विजयी सेनापतीला ओळख करून देण्याची गरज नव्हती. महत्त्वाचे हे की प्रतिनिधी आणि नागरिक यांच्यातील संवादाचा आभास विकत मिळू लागला आणि तो बनवण्याचे कसब टूथपेस्टच्या बाजारातून आले.

दुसरा नियम उमेदवार निवडण्याचा आहे, आणि भारतीय वाचकाला तो सर्वांत अपरिचित असल्यामुळे तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. भारतात उमेदवारी म्हणजे तिकीट. ते पक्षश्रेष्ठी देतात आणि ते मिळवण्यासाठी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागतात. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार प्रामुख्याने राज्याराज्यांतील पक्षनेते ठरवत. काही राज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी सामान्य मतदारांनी करावयाचे मतदान, होत असे. परंतु अंतिम निर्णय पक्षाच्या अधिवेशनात नेत्यांच्या हाती राही. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली, तेव्हा त्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलेले तरुण शिकागोत अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या खात होते आणि ते दृश्य देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. त्या नामुष्कीनंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडण्याचे नियम बदलले, १९७२ पासून प्रायमरींची संख्या झपाट्याने वाढली, आणि राज्यांचे कायदे बदलल्यामुळे रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. हेतू निःसंशय लोकशाहीचा होता. परिणाम मात्र असा झाला की, सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे जवळून ओळखणाऱ्या नेत्यांची चाळणी गेली आणि तिची जागा, ज्या लाखो मतदारांनी उमेदवाराला केवळ पडद्यावर पाहिले आहे, त्यांच्या पसंतीने घेतली.

२०१५ साली रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी १७ प्रमुख इच्छुक होते. त्या वर्षी ६ ऑगस्टला फॉक्स न्यूजवर झालेल्या पहिल्या वादसभेत मुख्य मंचावर कोणाला स्थान द्यायचे, हे वाहिनीने राष्ट्रीय जनमत चाचण्यांच्या सरासरीवरून ठरवले. पहिले दहा मंचावर आले, बाकीच्यांना त्याआधीच्या दुय्यम कार्यक्रमात बसावे लागले. अनेक राज्यपाल आणि सिनेटर असलेल्या त्या गर्दीत डोनाल्ड ट्रम्प मध्यभागी उभे होते, कारण चाचणीत नाव विचारले असता लोकांना जे नाव आधीच ठाऊक असते तेच वर येते. ती वादसभा सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो बहुतेक लेखनात राहून जातो. प्रसिद्ध व्यक्तीने एखाद्या उमेदवाराला पाठिंबा देणे आणि प्रसिद्धी हीच उमेदवाराची पुंजी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पाठिंब्याचे वजन आपण समजतो त्याहून फार कमी असते. टेलर स्विफ्ट या गायिकेने २०१८ साली टेनेसी राज्यात सिनेटचे डेमोक्रॅटिक उमेदवार फिल ब्रेडेसन यांना जाहीर पाठिंबा दिला आणि ते पराभूत झाले. २०२४ साली तिने कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, बियॉन्से ह्यूस्टनच्या सभेला आली, आणि तरीही हॅरिस यांना निर्वाचकमंडळाची २२६ मतेच मिळाली, तर ट्रम्प यांना ३१२. याउलट दीर्घकाळच्या ओळखीतून येणारा विश्वास ही निराळी शक्ती आहे. रोनाल्ड रेगन यांना केवळ चित्रपटांनी राष्ट्राध्यक्ष केले नाही. १९५४ ते १९६२ या काळात ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साप्ताहिक दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रधार होते आणि कंपनीच्या वतीने देशभरातील तिच्या कारखान्यांना भेटी देऊन कामगारांपुढे भाषणे करत होते. घराघरात दर आठवड्याला दिसणारा चेहरा आणि त्याच वेळी हजारो श्रोत्यांपुढे घासून पुसून लखलखीत झालेले भाषण, या दोहोंच्या जोरावर २७ ऑक्टोबर १९६४ चे त्यांचे प्रचारभाषण उभे राहिले आणि त्यानंतर सव्वादोन वर्षांत ते कॅलिफोर्नियाचे राज्यपाल झाले.

ट्रम्प यांच्या बाबतीत हीच प्रक्रिया अधिक टोकाला गेली. ‘द अप्रेंटिस’ हा कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर जानेवारी २००४ मध्ये सुरू झाला. स्पर्धक उद्योजकाची कामे करत आणि शेवटी एका भव्य बैठकीच्या खोलीत ट्रम्प त्यांच्यापैकी एकाला काढून टाकत. ती खोली ट्रम्प टॉवरमध्ये चित्रीकरणासाठी मुद्दाम उभारलेला सेट होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांच्या नावाच्या कॅसिनो कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागणारा अर्ज केला. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर तो अर्ज होता आणि मुख्य वेळेच्या पडद्यावर निर्णयक्षम, कणखर, यशस्वी मालक होता. कोट्यवधी लोकांनी दुसरा पाहिला आणि चौदा पर्वे पाहिला. मतदारांनी थापेवर विश्वास ठेवला असे म्हणून त्यांना हिणवणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. तो कार्यक्रम संकलित करणारे व्यावसायिक होते, तो दाखवणारी वाहिनी परवानाधारक केंद्रांवर चालणारी प्रतिष्ठित संस्था होती, आणि दाखवले जाते ते निदान स्थूलमानाने खरे असावे असे मानण्याचा प्रेक्षकाला अधिकार होता.

तिसरा बदल संतुलनाच्या नियमाचा. १९४९ पासून दळणवळण आयोगाचा असा दंडक होता की, परवानाधारक केंद्राने सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांवर वेळ दिला पाहिजे आणि विरोधी मतालाही वाव दिला पाहिजे. याला ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’, म्हणजे न्याय्यतेचे तत्त्व, असे नाव होते. रेगन यांच्या कारकिर्दीत, ऑगस्ट १९८७ मध्ये, आयोगाने तो दंडक रद्द केला आणि एका वर्षाच्या आत रश लिंबॉ यांचा उजव्या विचारांचा रेडिओ कार्यक्रम राष्ट्रीय स्तरावर सुरू झाला. संगीत एफएमकडे गेल्यामुळे श्रोते गमावून बसलेल्या एएम केंद्रांना स्वस्त कार्यक्रम हवे होते. लिंबॉ यांचा कार्यक्रम सुरुवातीला केंद्रांना पैशांऐवजी जाहिरातीच्या काही मिनिटांच्या बदल्यात मिळत असे, आणि ही व्यवस्था दोघांनाही परवडत होती. फॉक्स न्यूजचा उदयही याच रद्दबातल नियमाशी जोडला जातो, परंतु ते बरोबर नाही. ती केबलवरील वाहिनी असल्यामुळे सार्वजनिक लहरी वापरत नव्हती आणि तो दंडक तिला मुळात लागूच झाला नसता. तिचे खरे मूळ रॉजर एल्स यांच्या अनुभवात आहे: गप्पांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचे निर्माते असलेले एल्स १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या दूरचित्रवाणी प्रचाराचे काम करत होते आणि १९९६ मध्ये ते फॉक्स न्यूजचे पहिले प्रमुख झाले.

नियमांपैकी सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका नियम १९९६ च्या दूरसंचार कायद्यातील आहे. त्यापूर्वी एका कंपनीला देशभरात एएमची २० आणि एफएमची २० एवढीच रेडिओ केंद्रे बाळगता येत. १९९६ च्या कायद्याने ही राष्ट्रीय मर्यादा काढून टाकली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे सुमारे १,२०० केंद्रे आली. त्याचा अर्थ मार्च २००३ मध्ये कळला. टेक्सासमधील तीन स्त्रियांचा ‘डिक्सी चिक्स’ हा गट तेव्हा कंट्री संगीतातील, म्हणजे दक्षिणेकडील आणि ग्रामीण अमेरिकेशी नाते सांगणाऱ्या संगीतप्रकारातील, सर्वाधिक खपाच्या गटांपैकी एक होता आणि युद्धावर गेलेल्या सैनिकाविषयीचे त्यांचे गाणे यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले होते. १० मार्चला लंडनच्या एका कार्यक्रमात गायिका नॅटली मेन्स हिने इराकवरील येऊ घातलेल्या युद्धाला विरोध दर्शवत, राष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासचे आहेत याची आपल्याला लाज वाटते अशा आशयाचे एक वाक्य उच्चारले. काही दिवसांत कंट्री केंद्रांनी त्यांची गाणी थांबवली, क्युम्युलस मीडिया या अशाच दुसऱ्या केंद्रमालक कंपनीने आपल्या कंट्री केंद्रांवर ती बंद ठेवण्याचा निर्णय वरूनच घेतला, लुइझियाना राज्यात त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडण्यात आल्या आणि गाणे यादीतून घसरले.

श्रोत्यांचा राग खरा होता, त्याला कोणी जन्म दिला नव्हता. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शंभर गावांतील शंभर केंद्रचालकांनी आपापल्या श्रोत्यांचे फोन घेऊन आपापला निर्णय घेणे वेगळे आणि एका मुख्य कार्यालयाने एका आदेशाने सगळ्या गावांचा निर्णय करणे वेगळे. त्या वर्षी जुलैमध्ये सिनेटच्या वाणिज्य समितीने रेडिओच्या मालकीवर सुनावणी घेतली तेव्हा हेच प्रकरण पुढे आले, आणि समितीचे अध्यक्ष जॉन मॅकेन इराक युद्धाचे खंदे समर्थक असूनही त्यांनी क्युम्युलसला धारेवर धरले. चार वर्षांनी या गटाला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले; कंट्री रेडिओवरील त्यांचे पूर्वीचे स्थान मात्र परत मिळाले नाही. २०२० मध्ये गुलामगिरीच्या समर्थक दक्षिणेची आठवण करून देणारा ‘डिक्सी’ हा शब्द गटाने आपल्या नावातून काढला.

एकाच वेळी सर्व देशाने एकच गोष्ट पाहण्याचा काळ आता मागे पडला आहे. ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता; आज तेवढे प्रेक्षक सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, वगळता क्वचितच एकत्र येतात. म्हणूनच त्या सामन्याच्या मध्यंतरात कोण गाणार हा राजकीय प्रश्न झाला आहे. फेब्रुवारी २०२६ च्या सामन्यासाठी बॅड बनी या गायकाची निवड जाहीर झाली तेव्हा, तो स्पॅनिशमध्ये गातो, या कारणाने मोठा वाद उसळला आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निवडीवर टीका केली. तो प्वेर्तो रिकोचा आहे. हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. ज्यांना मतपेटीत जागा नाही त्यांचा आवाज देशाच्या सर्वांत मोठ्या मंचावर येतो, तेव्हा अमेरिकी कोणाला म्हणायचे हा शतकापूर्वीचा अनुत्तरित प्रश्न संगीताच्या मार्गाने परत विचारला जातो.

पॉडकास्टने, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या ध्वनिकार्यक्रमांनी, परवान्याची गरजच संपवली असे २०२४ च्या निवडणुकीनंतर म्हटले गेले. जो रोगन यांच्या कार्यक्रमात ट्रम्प सुमारे तीन तास बोलले, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. परंतु २०२५ च्या घटना निराळे सांगतात. त्या वर्षी जुलैमध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने ट्रम्प यांनी गुदरलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला, काही दिवसांत स्टीफन कोल्बेअर यांचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम आर्थिक कारणास्तव बंद करण्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर आठवड्याभरात कंपनीच्या विलीनीकरणाला दळणवळण आयोगाची मंजुरी मिळाली. या तिन्हींमध्ये कार्यकारणभाव होता असे कागदोपत्री सिद्ध झालेले नाही, परंतु संशयाला जागा राहील अशीच ही व्यवस्था आहे. सप्टेंबरमध्ये आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी विनोदकार जिमी किमेल यांच्या एका वक्तव्यावरून कारवाईचे संकेत दिले, तेव्हा नेक्स्टार आणि सिंक्लेअर या केंद्रमालक कंपन्यांनी त्यांचा कार्यक्रम न दाखवण्याचे ठरवले आणि एबीसीने तो स्थगित केला. सुमारे आठवड्याभराने तो परतला. परवाना वाहिनीकडे नसतो, गावोगावच्या केंद्राकडे असतो. आणि नेक्स्टार त्या वेळी आणखी एक मोठी कंपनी विकत घेण्यासाठी याच आयोगाच्या परवानगीची वाट पाहत होती. १९३४ साली जनतेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी दिलेला अधिकार सत्ताधाऱ्याच्या हाती टीकाकाराला गप्प करण्याचे साधन होऊ शकतो, हे येथे स्पष्ट दिसते, आणि लोकशाहीविषयी आस्था असणाऱ्या कोणालाही ते अस्वस्थ करणारे आहे.

मराठी माणूस या व्यवस्थेचा केवळ प्रेक्षक राहिलेला नाही. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली, तेव्हा पक्षात त्यांना कोणी फारसे ओळखत नव्हते. स्वतःचा पैसा ओतून त्यांनी सुपर बोलच्या वेळी दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली आणि आधी ओळख विकत घेतली. ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. त्यांची ‘ही श्रीची इच्छा’ ही आत्मकथा मराठीत उपलब्ध असली, तरी त्या राजकीय वाटचालीचा या अंगाने अभ्यास अद्याप व्हायचा आहे.

पुढील प्रकरणांची मांडणी कालक्रमाने केली असली तरी ती त्याच क्रमाने वाचण्याची गरज नाही. चित्रपटांत रस असणाऱ्या वाचकाला हॉलिवूडपासून सुरुवात करण्याचा मोह होईल. त्याने तो आवरावा आणि रेडिओच्या मालकीवरील प्रकरण आधी वाचावे, कारण तेथील कायदे ध्यानात आल्याशिवाय गेल्या तीस वर्षांतील अमेरिकेचे गाणेही समजत नाही आणि तिची निवडणूकही समजत नाही.